रावळगाव चॉकलेटवाल्यांच्याच घराण्याने मुंबईला काळी-पिवळी फियाट दिली! मग ती कंपनी बुडाली कशी?

३० ऑक्टोबर २०२३. मुंबईकरांच्या मोबाइलवर सकाळपासून एकच फोटो फिरत होता. काळ्या अंगाची, पिवळ्या टपाची, डोक्यावर कॅरिअर घेतलेली प्रीमियर पद्मिनी. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंद झालेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला त्या दिवशी २० वर्षं पूर्ण झाली होती. मुंबईत टॅक्सीला वयाची अट २० वर्षांची, त्यामुळे तिला रस्त्यावरून उतरणं भाग होतं. दीडच महिना आधी बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर गेली होती. एकाच पावसाळ्याच्या शेवटी शहराच्या दोन ओळखी पुसल्या गेल्या. उद्योगपती आनंद महिंद्रांपासून ते गल्लीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी स्टेटस टाकले.

गंमत अशी की हळहळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी टॅक्सीत बसल्यावर याच गाडीला शिव्याही घातलेल्या होत्या. काच खाली होत नाही, दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही, चढावर इंजिन तापतं. तरीही ती गेली तेव्हा लोकांना वाईट वाटलं.

ही गाडी बनवणाऱ्या कंपनीची गोष्टही अशीच दोन्ही बाजूंची आहे.

सोलापूरचा माणूस आणि तीन वेडं

लहानपणी रावळगावचं चॉकलेट खाल्लं नाही असा मराठी माणूस सापडणं अवघड. पान पसंद, मँगो मूड, आठवलं ना? मालेगावजवळच्या रावळगावात १९३३ मध्ये साखरेचा उद्योग उभा करणारे गृहस्थ म्हणजे वालचंद हिराचंद दोशी. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांचंच आणि सांगलीचं वालचंद कॉलेजही त्यांच्याच नावाचं.

वालचंद १८८२ मध्ये सोलापुरात जन्मले. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. त्यात त्यांचं मन रमलं नाही आणि ते रेल्वेच्या कंत्राटांकडे वळले. लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत त्यांनी फाटक-वालचंद ही भागीदारी केली. पुढे भोर घाटातल्या बोगद्यांची कामं करणाऱ्यांत त्यांचं नाव आलं.

पण वालचंद प्रसिद्ध झाले ते तीन वेडांमुळे. भारताचं स्वतःचं जहाज हवं, विमान हवं आणि मोटार हवी. इंग्रजांच्या राज्यात या तीनही गोष्टी म्हणजे थेट साहेबाच्या धंद्यावर हात टाकण्यासारखं होतं.

जहाजाचं वेड १९१९ मध्ये सुरू झालं. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला निघालं. आजही ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिवस आहे. विमानाचं वेड तर विमानातच जडलं. १९३९ मध्ये प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. त्या ओळखीतून १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. आज आपण तिला एचएएल म्हणतो.

राहिली मोटार. ती सगळ्यात चिवट निघाली.

मोटार बनवायला इंग्रज का नको म्हणत होते?

भारतात मोटारीचा कारखाना काढायचा आराखडा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी तीसच्या दशकातच तयार केला होता. हे तेच विश्वेश्वरय्या, ज्यांच्या जन्मदिवशी आपण अभियंता दिन साजरा करतो. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार आलं तेव्हा या योजनेला थोडी धुगधुगी आली. वालचंद त्यात उतरले, अमेरिकेला गेले. फोर्डशी काही जमलं नाही, पण क्रायस्लर तयार झाली.

तोवर दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. मोटारीच्या कारखान्याला युद्धकाळात आवश्यक उद्योगाचा दर्जा द्यायला इंग्रज सरकार राजी नव्हतं. तो दर्जा नसेल तर यंत्रं आणायची कशी? कारण उघड होतं. भारत ही विलायती आणि अमेरिकन गाड्यांची बाजारपेठ होती, आणि गिऱ्हाईकच कारखानदार झालं तर कोणाला आवडेल?

शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स लिमिटेड स्थापन झाली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. क्रायस्लरच्या डॉज, प्लायमाउथ, डिसोटो आणि फार्गो या नावांच्या गाड्या आणि ट्रक १९४७ पासून तिथे जोडले जाऊ लागले. स्वातंत्र्याचं वर्ष आणि कुर्ल्यात जुळवलेली गाडी, दोन्ही एकदमच आलं. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स दोन वर्षं आधी, १९४२ मध्ये स्थापन झाली होती. पुढची चाळीस वर्षं भारतातल्या रस्त्यांवर या दोघांचंच राज्य चाललं.

वालचंदांना मात्र ते बघायला मिळालं नाही. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच आजारपणाने त्यांना कामातून बाजूला व्हावं लागलं आणि १९५३ मध्ये ते गेले. धंदा भावांकडे आणि पुतण्यांकडे आला. पुढे कंपनीची सूत्रं सांभाळणारे विनोद दोशी हे याच घरातले. मराठी रंगभूमीवर प्रेम करणाऱ्या पुणेकरांना हे नाव वेगळ्याच कारणाने माहीत आहे. दरवर्षी होणारा विनोद दोशी नाट्यमहोत्सव त्यांच्याच नावाचा.

डुक्कर फियाट

अमेरिकन गाड्या मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या. नव्या देशाला लहान गाडी हवी होती. म्हणून पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला प्रीमियरने इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली. आधी टोपोलिनो नावाची छोटीशी गाडी आली. मग १९५४ च्या सुमारास आली फियाट ११००.

तिचं नाक पुढे आलेलं, अंग गोलमटोल. मुंबईकरांनी तिचं बारसं करून टाकलं: डुक्कर फियाट. नाव चेष्टेचं असलं तरी गाडीवर लोकांचा जीव होता. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. आजही जुन्या गाड्यांच्या रॅलीत एखादी डुक्कर फियाट आली की पांढऱ्या केसांची मंडळी तिच्याभोवती गोळा होतात.

याच वेळी सरकारने एक असा निर्णय घेतला, ज्याने प्रीमियरचं नशीब पालटलं. १९४९ मध्ये तयार परदेशी गाड्या आणण्यावर बंदी आली. पाठोपाठ, ज्या कंपन्या भारतात सुटे भाग बनवणार नाहीत, नुसत्या बाहेरून आणलेल्या पेट्या उघडून गाड्या जोडतील, त्यांना जागा नाही असं धोरण ठरलं. जनरल मोटर्सचा मुंबईत १९२८ पासून जोडणीचा कारखाना होता. तो बंद झाला. फोर्डही गेली. मैदानात उरल्या कलकत्त्याजवळची हिंदुस्तान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड.

हेतू चांगलाच होता. देशात इंजिनं ओतली जावीत, गिअर कापले जावेत, कामगार शिकावेत. ते झालंही. कुर्ल्याच्या कारखान्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या वर्कशॉपचं जाळंच तयार झालं. पण स्पर्धा संपली की काय होतं, हे पुढच्या तीस वर्षांत दिसलं.

पंतप्रधानांनाही कर्ज काढावं लागलं

१९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. आपण जिला पद्मिनी म्हणून ओळखतो, तिचं अंग हेच. चौकोनी पाठ, मागे छोटे पंख, १०८९ सीसीचं इंजिन, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती आणि स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर. पुढे सलग सीट असल्याने ड्रायव्हरशेजारी दोघं आरामात मावायचे. 'आराम' या शब्दावर फार जोर देऊ नका.

याच काळात लाल बहादूर शास्त्री पंतप्रधान झाले. घरच्यांचा हट्ट होता की आता आपली गाडी असावी. फियाटची किंमत १२ हजार रुपये, शास्त्रीजींच्या खात्यात होते सुमारे ७ हजार. उरलेल्या ५ हजारांसाठी देशाच्या पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढलं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं तेव्हा ते कर्ज बाकी होतं. ललितादेवींनी ते आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी आजही दिल्लीतल्या शास्त्री स्मारकात उभी आहे. योगायोग बघा, कुर्ल्याचा प्रीमियर कारखाना ज्या रस्त्यावर होता, त्या जुन्या आग्रा रोडला आता लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणतात.

शास्त्रीजींकडे पैसे कमी होते. इतरांचं दुखणं निराळं होतं. पैसे असून गाडी मिळत नव्हती. कारखान्याने किती गाड्या काढायच्या, हे लायसन्सवर ठरायचं. गाडीसाठी नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि वाट बघायची. काही महिने नव्हे, कित्येक वर्षं! मुलगा शाळेत असताना नंबर लावला आणि त्याच्या लग्नाच्या वरातीला गाडी आली, असे किस्से त्या पिढीत घरोघरी ऐकायला मिळतात. नंबर लागून मिळालेली गाडी लगेच विकायलाही सरकारी बंधन होतं, कारण वापरलेल्या फियाटला बाजारात नव्या फियाटपेक्षा जास्त भाव यायचा. आज हे खोटं वाटेल.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. मोटार ही चैनीची वस्तू मानून तिच्यावर भरमसाठ कर होता. १९६९ मध्ये तर सरकारने गाड्यांच्या किमतीच ठरवून दिल्या. या किमतीत परवडत नाही म्हणून प्रीमियर सर्वोच्च न्यायालयात गेली. नवं मॉडेल आणायचं तर परकीय चलन हवं, परकीय चलनासाठी परवानगी हवी, आणि परवानगी मिळेपर्यंत मॉडेलच जुनं व्हायचं. पण हेही खरं की गिऱ्हाईक दाराशी रांग लावून उभं असताना नवं काही करायची घाई कंपनीलाही नव्हती.

नाव बदललं, गाडी तीच

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटबरोबरचा करार संपला. गाडीवर आता फियाटचं नाव लावता येणार नव्हतं. आधी तिला प्रीमियर प्रेसिडेंट म्हटलं गेलं आणि १९७४ मध्ये नाव आलं प्रीमियर पद्मिनी, चित्तोडच्या राणी पद्मिनीवरून. लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. "टॅक्सी अँबेसेडर आहे की फियाट?" हा प्रश्न २००० नंतरही मुंबईत विचारला जायचा.

इटलीत ११०० डीचं उत्पादन १९६६ मध्येच थांबलं होतं. कुर्ल्यात त्याच अंगाची गाडी २००० सालापर्यंत निघत राहिली. मूळ मालकाने सोडून दिलेलं मॉडेल आपल्याकडे त्यानंतर ३४ वर्षं चाललं.

ती मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची लाडकी का झाली, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा. कोलकात्याने अँबेसेडर निवडली आणि मुंबईने फियाट. एक तर कारखाना शहरातच. सुटा भाग हवा असला की कुर्ल्याला जायचं आणि संध्याकाळी गाडी पुन्हा धंद्यावर. दुसरं म्हणजे अंग लहान. भुलेश्वर, मोहम्मद अली रोड, गिरगावच्या गल्ल्यांत अँबेसेडर वळवताना घाम फुटायचा, फियाट निघून जायची. तिसरं कारण पैशाचं. पेट्रोल कमी आणि यंत्र इतकं साधं की नाक्यावरचा मेकॅनिक पाने-पेंचिस घेऊन तिथल्या तिथे दुरुस्त करेल. पंख्याचा पट्टा तुटला, कार्बुरेटरमध्ये कचरा अडकला, तर बहुतेक टॅक्सीवाले स्वतःच बोनेट उघडायचे. ज्याची भाकरी रोजच्या रोज गाडीवर ठरते, त्याला गाडी आवाज किती करते याच्याशी काय देणंघेणं? ती बंद पडल्यावर किती वेळात सुरू होते, हा त्याचा हिशोब.

नव्वदच्या दशकात मुंबईत टॅक्सींची संख्या ६० हजारांच्या घरात होती आणि त्यात पद्मिनीच पद्मिनी. बोनेटच्या कडेला बसवलेला मीटर, त्याचा दांडा खाली पाडला की होणारी टिंग, आरशाला लटकलेलं लिंबू-मिरची. पुढे प्रदूषणाच्या प्रश्नावर न्यायालयाचे आदेश आले, जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या आणि डिकीत सिलिंडर बसला. मग प्रवाशाच्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर. नाना पाटेकरचा 'टॅक्सी नं. ९२११' पाहिला असेल तर हे सगळं डोळ्यासमोर येईल.

कारखान्याच्या आत

प्रीमियरचं नाव मुंबईत आणखी एका कारणाने गाजलं: कामगार. हजारो घरं या कारखान्यावर चालत होती. इथली युनियनबाजी तीव्र होती. गिरणी संपाने देशभर नाव झालेल्या डॉ. दत्ता सामंतांनी सत्तरच्या दशकात ज्या बड्या कारखान्यांत पाय रोवले, त्यांत प्रीमियर होती. पगारवाढीचे मोठे करार झाले, तसे संप, टाळेबंदी आणि हाणामाऱ्याही झाल्या.

कामगारांच्या इन्सेंटिव्हवरून झालेला एक खटला १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. प्रीमियर ऑटोमोबाईल्स विरुद्ध कमलेकर शांताराम वाडके. औद्योगिक वादात दिवाणी न्यायालयाने कुठवर हात घालायचा, हे त्या निकालाने ठरवलं. कामगार कायदा शिकणाऱ्या मुलांना तो आजही अभ्यासाला असतो. गाडी गेली, कंपनी गेली, निकाल राहिला.

मारुती आली

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात पडली. किंमत पन्नास हजारांच्या आत. हलकी, झटकन सुरू होणारी, थंडीत चोक ओढून बसायला न लावणारी. ज्यांनी आयुष्यभर फियाटचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढलं होतं, त्यांना मारुती खेळण्यासारखी वाटली. काहींनी तिला काड्यापेटी म्हणून हिणवलंही. पण बुकिंगची रांग आता दुसऱ्या दारापुढे लागली होती.

प्रीमियरने हातपाय हलवले नाहीत असं नाही. १९८५ मध्ये ११८ एनई आणली. अंग फियाट १२४ चं, इंजिन जपानच्या निसानचं. गाडी वाईट नव्हती, इंजिन तर चांगलंच होतं. पण फियाट १२४ हे इटलीतलं १९६६ सालचं मॉडेल. म्हणजे जग ऐंशीत आणि नवी कोरी गाडी पुन्हा साठच्या दशकातली.

मग १९९१ आलं. लायसन्स राज संपलं आणि जगभरच्या कंपन्या भारतात जोडीदार शोधत आल्या. प्रीमियरकडे कारखाने होते, विक्रेते होते, नाव होतं. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. फ्रान्सच्या प्यूजोबरोबर कंपनी काढली गेली, कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ निघाली. त्याचवेळी जुन्या मित्राशी, फियाटशी, वेगळा संसार मांडला गेला आणि उनो आली.

उनोला मिळालेला प्रतिसाद वेडा करणारा होता. लोकांनी लाखोंच्या संख्येने पैसे भरून बुकिंग केलं. आणि गाड्या? कामगार-व्यवस्थापन वाद आणि संपामुळे कारखान्यातून हव्या तेवढ्या निघाल्याच नाहीत. पैसे भरलेली माणसं वाट बघत राहिली. प्यूजोही १९९७ मध्ये गाशा गुंडाळून परत गेली.

कंपनीच्या नावाला खरा डाग इथे लागला. फियाटसाठी सात-आठ वर्षं थांबणाऱ्या बापाला दुसरा पर्याय नव्हता. त्याच्या मुलाला होता. १९९६-९७ मध्ये शोरूममध्ये मारुती झेन होती, देवू होती, पुढच्याच वर्षी सँट्रो आणि इंडिका येऊ घातल्या होत्या. त्याने पैसे परत मागितले आणि तो दुसरीकडे गेला. जुन्या काळात थांबायला लावणारी कंपनी दुर्मीळ मालाची मालकीण वाटायची. नव्या काळात थांबायला लावणारी कंपनी बेभरवशाची ठरली.

कुर्ल्याचा कारखाना फियाटकडे गेला. तिथून पुढे पॅलिओही निघाली, सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करायचा. नंतर फियाटने टाटांबरोबर रांजणगावला बस्तान हलवलं आणि कुर्ल्याची यंत्रं थांबली.

चिंचवडचा शेवटचा प्रयत्न

प्रीमियरने यंत्रसामग्री बनवायचा धंदा चालू ठेवला आणि २००९ मध्ये चिंचवडच्या कारखान्यातून 'रिओ' नावाची छोटी एसयूव्ही काढली. चार मीटरच्या आतली एसयूव्ही ही कल्पना आज प्रत्येक कंपनीला सोन्याची अंडी देते. इकोस्पोर्ट आणि ब्रेझा यायच्या आधीच प्रीमियरने ती बाजारात आणली होती. पण गाडी चीनच्या झोट्येकडून घेतलेली, तिचं मूळ जपानच्या दायहात्सूच्या जुन्या मॉडेलमध्ये. विक्रेते मोजके, सर्व्हिस सेंटर शोधावं लागे. रस्त्यात रिओ दिसली की लोक विचारायचे, ही कुठली गाडी?

२०२१ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२४ मध्ये रावळगावच्या चॉकलेटांचे ब्रँडही २७ कोटी रुपयांना रिलायन्सकडे गेले. वालचंदांनी घातलेल्या पायांपैकी सगळेच खचले असं मात्र नाही. एचएएल तेजस विमानं बनवते आणि विशाखापट्टणमची हिंदुस्तान शिपयार्ड, जी मूळची सिंदियाची, ती आजही जहाजं बांधते. दोन्ही सरकारी झाल्या. मोटारीचा कारखाना तेवढा घरच्या ताब्यात राहिला होता.

कुर्ल्यात कारखान्याच्या जमिनीवर आता उंच इमारती आहेत. तिथे जायला रिक्षावाल्याला पत्ता सांगताना लोक अजूनही 'प्रीमियर रोड' म्हणतात. मीटर टाकणाऱ्या रिक्षावाल्यांपैकी अनेकांना हे नाव एका मोटार कंपनीचं आहे, हे ठाऊकही नसतं.